मोतीलालमामांची काडी

आमच्या मोतीलालमामांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नाही. तरीही परसवाड्याच्या आसपासच्या वीस-पंचवीस गावांत कुठली दारू चांगली नि कुठली वाईट, हे ठरवण्याचा मान त्यांच्याकडे होता. ब्रह्मचाऱ्याने लग्नं जुळवत फिरावं, तसला हा प्रकार. पण मामांना त्यात काही विचित्र वाटत नसे. "पेनाऱ्याचं काय खरं हाय? दुसऱ्या ग्लासाले त्याले सारंच चांगलं लागते. परीक्षा घेनारा कोरा पाह्यजे," असं ते छाती काढून सांगत, आणि लोकांनाही ते पटे.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, मोतीलाल मेंढे. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. सुरुवातीची बरीच वर्षं सुरुंगाच्या वातीला बत्ती द्यायच्या कामावर होते. काडी ओढायची, वात धरली की नाही पाहायचं आणि पळायचं. रिटायर होऊन ते खैरटोल्याला, आपल्या गावी आले. खाण सुटली, पण काडीपेटी खिशातच राहिली. "मी पेटवलं अन् फुसकं निघालं, असं आजवर झालं नाई," ही त्यांची पेटंट फुशारकी. त्यावर अनुसयामामी चुलीपुढून म्हणायच्या, "एक सोडून. आपलं लगन."

मामांची परीक्षा पाहण्यासारखी असायची. लग्न असो, बारसं असो, मांडवामागे पुरुषमंडळी जमली की कोणीतरी ओरडायचं, "अरे, मोतीलालले बलावा!" मामा जेवत असले तरी हात धुऊन यायचे. खिशातून एक पितळी झाकण निघायचं. ते झाकण मामींच्या कुंकवाच्या करंड्याचं होतं. लग्नातला करंडा बिचारा तीस वर्षं बिनझाकणाचा होता आणि मामी तीस वर्षं ते झाकण परत मागत होत्या. झाकणात बोटभर दारू ओतायची, वाऱ्याकडे पाठ करायची, डोक्यावरून गमछा ओढून आडोसा करायचा आणि काडी ओढायची. एकच काडी. दुसरी मागणं कमीपणाचं. निळा जाळ फुरफुरत उठला की सगळे माना पुढे काढायचे. जाळ विझल्यावर मामा झाकणात बोट फिरवायचे. ओल राहिली असली तर पाणी मारलेलं. मग निकाल. "नापास! नेऊन बैलाले पाजा." नाहीतर दोन्ही हात वर करून, "पास!"

मामांनी "पास" म्हटलं की मग कोणी काही विचारत नसे.

मी परसवाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. चारुलता माझं नाव, पण मामांच्या तोंडी मी कायम "मास्तरीनबाई". नऊएक वर्षांपूर्वी दिवाळीत मी त्यांना एकदा सांगितलं होतं. म्हटलं, "मामाजी, तुमच्या काडीला पाणी कळतं, हे खरं. पण जहर नाही कळत. सुतार लाकडाला पॉलिश करायला जे स्पिरिट वापरतो ना, तेसुद्धा असंच निळं जळतं. डब्यांतून चोरटी दारू विकणारे डब्बेवाले स्वस्तात पडतं म्हणून तसलंच काहीतरी दारूत मिसळतात. ते पोटात गेलं तर माणसाचे डोळे जातात, जीवही जातो. आणि तुमची काडी त्यालाही पासच म्हणेल."

मामांनी हातातला अनारसा मोडला. मग म्हणाले, "पॉलिश कोनी पेते का बाई? मानूस हाय का खुर्ची?"

अख्खी ओसरी हसली. मीही हसले. अनारसे खात होतो, पाहुणे होते, मामा रंगात होते. विषय तिथेच राहिला. वर्गात पोरांनी चुकीचं उत्तर दिलं तर मी दहादा समजावते, पण घरातल्या माणसाला एकदा सांगून हसत गप्प बसले. आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

आता टिकारामकाकांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्या डोळ्यांवर बेतलं. टिकाराम आणि मामा खाणीत एकाच पाळीचे. एक "मोत्या", दुसरा "टिक्या". नातवंडांपुढेसुद्धा हीच हाक. खाण सुटल्यावर टिकारामकाकांनी परसवाड्याच्या बाजारात शिलाई मशीन टाकली. त्यांचीही एक फुशारकी होती. सहासष्टाव्या वर्षी चष्मा नाही, आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, सुईकडे न बघता दोरा ओवणार. नव्या गिऱ्हाइकाला हा खेळ दाखवल्याशिवाय ते माप घेत नसत. मामा रोज सकाळी खैरटोल्याहून सायकल हाणत त्यांच्या दुकानात जाऊन बसत. एकाने काडीची तारीफ करायची, दुसऱ्याने सुईची. चहा ज्याच्या तारिफेला कमी टाळ्या त्याने पाजायचा, आणि टाळ्या वाजवायला तिसरं कोणी नसल्यामुळे रोज भांडण.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात टिकारामकाकांच्या धाकट्या लेकीचं, रूपालीचं लग्न निघालं. नवरदेव संकेत बैहरकडचा. पोरगा साधा, मराठी कळते पण बोलतो हिंदी. लग्न खैरटोल्यालाच, टिकारामकाकांच्या अंगणात. वरातीसोबत नवरदेवाचा काका भैयालाल दोन निळे डबे घेऊन आला. आमच्याकडे शेजारच्या पाड्यावरची गोंड मंडळी मोहाची दारू काढतात, पण ती घरच्या देवापुरती नि घरच्यांपुरती. लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढी ते देत नाहीत, आणि विकत घेणं कायद्यातही बसत नाही. भैयालालने कुठल्याशा डब्बेवाल्याला गाठलं होतं. "मोहाचीच हाय, एकदम असली," म्हणून तो सांगत होता. वासही मोहाचाच होता.

मामांना बोलावणं आलं. टळटळीत ऊन होतं. मामांनी झाकण भरलं, गमछा ओढला, काडी लावली. जाळ दिसेना. मामांनी वाकून पाहिलं, हात जवळ नेला आणि चटका बसून झटकला. जळत तर होती. मग झाकण घेऊन ते धान्याच्या कोठीमागे अंधारात गेले, सगळे त्यांच्या मागे. तिथे दिसला. असा नितळ, असा निळा. बोट फिरवलं, झाकण कोरडं ठणठणीत.

"अरे बाप्पा! तीस वर्सांत असा जाळ पाह्यला नाई," मामा म्हणाले. "पास नाई रे, पह्यला नंबर!"

मी दारातून हे बघितलं. उन्हात न दिसणारा जाळ, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मनात काहीतरी टोचलं. तेवढ्यात आतून हळदीची हाक आली, मी वळले आणि विसरले.

आमच्याकडे मुलीचा बाप कन्यादान होईपर्यंत अन्नाला शिवत नाही. टिकारामकाका दिवसभर उपाशी होते. तिन्हीसांजेला कन्यादान झालं आणि पानावर बसायच्या आधीच दोस्तमंडळींनी त्यांना मांडवामागे ओढलं. रिकाम्या पोटी दोन ग्लास झाले. बाकीच्यांनी जेवून उठल्यावर घेतली, कोणी अर्धा ग्लास, कोणी एक. पहिला डबा संपत आला. दुसरा भैयालालने परतीच्या वाटेसाठी राखून ठेवला. कोणाला काही झालं नाही. काकांनी तर रूपालीसोबत नाचून घेतलं आणि आपल्या बायकोला, शेवंताकाकूंनाही ओढून मांडवात आणलं. त्या लाजून पळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात निघायची तयारी झाली. ऐन निघताना रूपालीच्या पदराचा काठ उसवला. काका म्हणाले, "थांब, टाका घालतो." सुई घेतली, दोरा घेतला. सवयीप्रमाणे न बघता ओवायला गेले. चुकलं. बघून ओवायला गेले. परत चुकलं. तिसऱ्यांदा दोरा सुईच्या बाजूनेच गेला.

"दिसून नाई राह्यलं," ते म्हणाले.

रूपाली हुंदके द्यायला लागली. शेवंताकाकूंनी पदर तोंडाला लावला. सगळ्या बाया म्हणाल्या, बापाचे डोळे भरून आले. कोणीतरी काकांना धरून खाटेवर बसवलं. मीसुद्धा डोळे पुसत होते. लेक सासरी निघाली आणि बापाला सुई दिसेना, यात कोणाला काय वावगं वाटणार? टाका मामींनी घातला. वाजतगाजत बस गेली.

बस गेल्यावर मामा काकांजवळ येऊन उभे राहिले. "चाल टिक्या, चहा पेऊ. पोरगी बैहरले गेली, विलायतेले नाई."

काकांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं, पण नजर मामांच्या खांद्याच्या पलीकडे. "मोत्या," ते म्हणाले, "तू काहून धुक्यात उभा हायस?"

वैशाखातले साडेअकरा वाजले होते. ऊन अंगणात मावत नव्हतं.

मग काका खाटेवरून वाकले आणि भडभडा ओकले. माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. उन्हात न दिसणारा जाळ, कोरडं झाकण, रिकामं पोट, धुकं. मी मामांचा हात धरला आणि सांगितलं, अगदी वर्गातल्या आवाजात सांगितलं, "मामाजी, पॉलिशवालं स्पिरिट. ते लगेच नाही चढत. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर येतं. आत्ता दवाखान्यात नेलं तर वाचतील."

मामांचा चेहरा मला कधी विसरता येणार नाही. त्यांनी खिसा चाचपला, काडीपेटी जागेवर आहे का बघतात तसा, आणि हात बाहेर काढून स्वतःच्या धोतराला पुसला.

पाच मिनिटांत जीप आली. काका, शेवंताकाकू आणि अनुसयामामी बालाघाटच्या दवाखान्याकडे निघाले. गावातल्या ज्या चार-पाच जणांनी घेतली होती, त्यांनाही मामींनी घरोघरी जाऊन ओढून जीपमध्ये कोंबलं. एक म्हणाला, "मले काई नाई झालं." मामी म्हणाल्या, "होईस्तोवर वाट पाहू का तुही?" तो निमूट चढला.

मामा चढले नाहीत. "दुसरा डब्बा," ते म्हणाले. "बसमंदी हाय."

फोन लावले. भैयालालचा बंद. संकेतचा वाजतो आहे पण उचलत नाही. बसमध्ये गाणी लावलेली, ऐकू कुठलं येणार? रूपालीचा फोन पर्समध्ये, पर्स नव्या पेटीत, पेटी बसच्या टपावर.

माझी स्कूटी दारात होती. मामा आयुष्यात कधी बाईमाणसाच्या मागे गाडीवर बसले नव्हते. एरवी म्हणाले असते, "मी सायकलनं येतो, तू हो पुढं." त्या दिवशी टांग टाकून बसले आणि म्हणाले, "हाक." मानाचा गुलाबी फेटा अजून डोक्यावर होता. वाऱ्याने तो सुटला आणि त्याचा शेमला माझ्या तोंडावर फडफडायला लागला. रस्ता दिसेना. मी ओरडले, "मामाजी, फेटा धरा!" ते ओरडले, "तू गाडी धर!" परसवाडा सहा किलोमीटर. या आठवणीवर आम्ही आता पोट धरून हसतो. त्या वेळी मामा माझ्या पाठीमागे एकच वाक्य पुटपुटत होते. "मी पास केली. मी पास केली ना."

देव पावला म्हणायचा. बस परसवाड्याच्या बाजारात चहाला थांबली होती. बाया बसमध्येच, आणि पुरुषमंडळी पिंपळाखाली सतरंजी टाकून बसलेली. मधोमध निळा डबा, नुकताच उघडलेला. स्टीलचे ग्लास भरले जात होते.

"ठेवा! खाली ठेवा ग्लास!" मामा धावतच ओरडले.

सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि खुशीत आले. "या मामाजी, या! तुमच्यावाचून मजा नाई."

"पेऊ नका. जहर हाय त्याच्यात. टिकारामचे डोळे गेले."

मग भैयालाल हसला. तो काही वाईट माणूस नव्हता, हौशी होता, आणि आपण आणलेल्या वस्तूला नाव ठेवलं की हौशी माणसाला जास्त लागतं. "अजी मामाजी, कालच त पास केली तुमी. पह्यला नंबर म्हनलं. रातभर सब लोगों ने पी. कोन मेलं?"

"मी चुकलो."

"तुमी? काडी चुकन का तुमची?" एक म्हातारा वराती म्हणाला. "मोतीलालची काडी हाय ते. भिऊ नका रे, घ्या." आणि त्याने ग्लास उचलला.

कोणीतरी मागून टोमणा मारला, "पोरीवाल्याले डब्बा वापस पाह्यजे असन." हशा झाला.

मी पुढे होऊन समजवायला लागले, रसायनं, रक्त, डोळ्यांची शीर. माझं कोण ऐकतं! मास्तरणीचं ऐकायला लोक शाळेतही नाइलाजानेच बसतात. ज्याच्या शब्दावर हे लोक पीत होते, त्याच्याच शब्दाने ते थांबले असते. आणि तोच शब्द आता कोणी ऐकून घेत नव्हतं, कारण कालचा त्याचा शब्द जास्त गोड होता.

मामा एकदम वळले आणि रस्ता ओलांडून गुणाकर सुताराच्या दुकानात शिरले. मला वाटलं, हरले आणि तोंड लपवायला गेले. पण ते लगेच परत आले. हातात एक छोटी शीशी. पिंपळाखाली सतरंजीच्या मधोमध उकिडवे बसले. खिशातून पितळी झाकण काढलं. शीशीतलं थोडं त्यात ओतलं. सुटलेला गुलाबी फेटा डोक्यावरून ओढून आडोसा केला. एकच काडी.

लोक आपोआप सरसावून माना पुढे काढू लागले. वीस-पंचवीस गावांची सवय ती. फेट्याच्या सावलीत जाळ उठला. नितळ, निळा. विझला. मामांनी बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत.

"पास!" मामा ओरडले. "पह्यला नंबर!"

मग उरलेली शीशी त्यांनी एका रिकाम्या ग्लासात उपडी केली आणि तो भैयालालपुढे धरला. "घे. मोतीलालनं पास केली. पे."

भैयालालने ग्लास नाकाशी नेला आणि मान मागे घेतली. "हे... हे त पॉलिश हाय."

"हौ. गुनाकर दरवाज्याले लावते ते. पे ना. काडी त पास म्हनते. काल माह्या काडीवर भरोसा होता ना तुमाले?"

भैयालालने ग्लास खाली ठेवला.

"काडीले दारू कळत नाई, भैयालाल," मामा म्हणाले. "काडीले जळनं कळते. ह्या पोरीनं मले सात वर्सं आदी सांगतलं, मी हासून उडवलं. टिक्या माह्या भरोशानं पेला अन् भर दुपारी मले म्हनते, धुक्यात काहून उभा हायस. आता तुमी माह्यावर भरोसा ठेवू नका. कधीच ठेवू नका. पन आजच्या दिस येवढं आयका."

त्या म्हाताऱ्या वरात्याने ग्लास हळूच सतरंजीवर ठेवला. "मले सकाळपासून डोकं धरलं हाय," तो म्हणाला. "मी समजलो, जागरनाचं." दुसरा म्हणाला, त्याला ऊन डोळ्यांत सुयांसारखं टोचतंय. तिसऱ्याच्या पोटात मुरडा. एकेक बोलायला लागला. भैयालालने स्वतःच्या हाताने डब्याचं बूच लावलं. रात्री त्यानेही घेतलीच होती.

बसच्या पायरीवर रूपाली उभी होती. मुंडावळ्या कपाळावर, काजळ गालावर आलेलं. तिने सगळं ऐकलं होतं. "मामाजी, बाबाले काय झालं?"

मामांना खोटं बोलता आलं असतं. आम्ही सगळ्यांनी ते माफ केलं असतं. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "माह्या हातानं झालं बाई," ते म्हणाले.

ती खाली उतरली नाही, रडलीही नाही. ड्रायव्हरला म्हणाली, "भैया, गाड़ी घुमाओ. बालाघाट."

अशी ती वरात सासरी न जाता दवाखान्यात पोचली. चौदा वराती, बाशिंग बांधलेला नवरदेव, शालू नेसलेली नवरी, आणि मांडीवर निळा डबा घेऊन मी; पिण्यात काय होतं ते डॉक्टरांना आणि पोलिसांना कळावं म्हणून तो टाकू दिला नव्हता. बाकावर जागा नव्हती, म्हणून बँडवाले ढोल उलटे ठेवून त्यावर बसले. एका नर्सने विचारलं, "इनमें से पेशेंट कौन है?" संकेत म्हणाला, "मुझे छोड़कर सब." त्याने घेतली नव्हती. रूपालीने त्याच्याकडे पहिल्यांदा जरा नीट पाहिलं, असं मामी सांगतात.

डॉक्टर खूप रागावले, आणि रागावता रागावता झपाट्याने कामाला लागले. त्यांनी सांगितलं ते मी आता प्रत्येक वर्गाला सांगते. हे जहर पोटात गेल्यावर काही तास गप्प बसतं. माणूस नाचतो, जेवतो, झोपतो. त्याला वाटतं, पचली. आत शरीर त्याचं आणखी वाईट जहर बनवत असतं. ज्यांना काहीच होत नव्हतं तेही वेळेत आले, म्हणून सोपं गेलं. आणि घरी काढलेली असो की डब्यातली, आत काय मिसळलंय नि कुठल्या फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्यातून ती गाळली, हे जिभेला, नाकाला, डोळ्यांना, कशालाच कळत नाही.

सगळे घरी परतले. हे मी दोनदा लिहीन, कारण तेव्हा ते खरं वाटत नव्हतं. सगळे घरी परतले. टिकारामकाका मात्र अकरा दिवस तिथे होते. मशीनवर त्यांचं रक्त धुतलं. उजवा डोळा बऱ्यापैकी परतला. डाव्यातलं धुकं तसंच राहिलं.

मामा ते अकरा दिवस खाटेखाली चटई टाकून होते. तिसऱ्या दिवशी काका उशीवर डोकं वळवून म्हणाले, "मोत्या, रडून राह्यला का बे?"

"नाई."

"मले दिसत नाई म्हनून खोटं बोलशील का? नाक वाजून राह्यलं तुहं." मग काका म्हणाले, "येक सांगू? तू पेटवलेलं शेवटी फुसकं निघालं. चौतीस वर्सं मी ह्याच दिसाची वाट पाह्यली."

मामा हसले आणि मग मोठ्याने रडले. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने तक्रार केली.

डब्बेवाला पकडला गेला. भैयालालने दारू सोडली, हौस नाही सोडली. आता तो वरातीत शरबताचे डबे घेऊन येतो आणि सगळ्यांना जबरदस्तीने चार-चार ग्लास पाजतो. लोक पूर्वीच्या सवयीने मामांना अजून बोलावतात. मामा जातात. मांडवामागे उभे राहून सांगतात, "माह्या काडीले काई कळत नाई. कोनाच्याच काडीले कळत नाई." काही ऐकतात, काही नाही ऐकत. जे ऐकत नाहीत त्यांच्यापुढे ते सुताराची शीशी काढतात.

काडीपेटी आता मामींच्या चुलीपाशी असते. पितळी झाकण मात्र मामींना अजूनही मिळालेलं नाही. ते टिकारामकाकांच्या मशीनवर आहे. रोज सकाळी मामा सायकल हाणत दुकानात येतात, चष्मा लावतात आणि बारा सुया ओवून त्या झाकणात मांडतात. सहा काळ्या दोऱ्याच्या, सहा पांढऱ्या. काकांचा दिवसभराचा शिधा. सुरुंगाच्या वाती पेटवणारी ती बोटं. एकेका सुईला सात-सात वेळा दोरा चुकतो, आणि प्रत्येक वेळी सुईच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. काका मशीनवर बसून मजेत ऐकत असतात. मग एक सुई उचलतात, दोऱ्याचं टोक ओठांनी चाचपतात आणि म्हणतात, "पास."

मामांना हे रोज ऐकावं लागतं. रोज त्यांचे डोळे भरतात, रोज ते पुसायला चष्मा काढतात, आणि चष्म्याशिवाय पुढची सुई दिसत नाही म्हणून शिव्या परत पहिल्यापासून सुरू होतात.